पुलाचा झोळ

भालेबास,
माघ ५, विक्रम संवत २०४९

चिरंजीव चित्रमान,

तुझ्या म्हाताऱ्या मामाचा आशीर्वाद घे. तू तिकडे डोटीत थंडीत कुडकुडत असशील, कान बांधून ठेवत जा. तुझ्या आईला लहानपणी कानातूनच ताप भरायचा.

तू कागदावर काढलेला आपला पूल आता हवेत आला आहे. पोलादी दोर सडकेपासून गावापर्यंत आम्हीच आणला. दोर मध्ये कापायचा नाही असा तुझ्या कार्यालयाचा हुकूम, म्हणून अख्खा गाव एका ओळीत उभा राहिला. प्रत्येकाच्या खांद्यावर एक वेटोळं, म्हणजे पुढचा चालला तर मागच्याने चालायचं आणि एक बसला तर सगळ्यांनी बसायचं. मला वाटेत दोनदा झुडपाआड जावं लागलं. सगळ्यात पुढे हर्के होता. तो ओरडला, "बसा रे बसा, जोखसिंगच्या पोटाने पूल अडवला!" आणि दोन डोंगरांवरची माणसं हसली. हर्के माझा बालमित्र आहे म्हणून सोडून देतो, दुसऱ्या कुणाला सोडलं नसतं.

आता माझ्या काळज्या सांगतो. एक म्हणजे दोराच्या एका पदरावर तांबूस डाग दिसतो, तो गंज आहे का? दुसरं, दोराला फासलेलं वंगण शेळ्या चाटतात, त्याने दोर दुबळा होईल का? कठड्याच्या जाळीची भोकं मोठी आहेत, माझ्या नातीचा, फूलसरीचा पाय सहज आत जाईल. मुलं नट काढून नेतील अशी भीती वाटते. आणि दोराची टोकं ज्या दगडी चौथऱ्यात गाडली आहेत, तो आपल्या बाजूचा चौथरा चुना लावल्यावर मागून तडकला आहे. या सगळ्याने मला झोप लागत नाही. फूलसरीचे आईबाप आसामात कोळशाच्या खाणीवर, पोर माझ्या गळ्यात. ती रोज त्या जुन्या तारेवरच्या लाकडी पेटीत बसून शाळेला नदीपार जाते. माझे हात थरथरतात म्हणून पेटीचा दोर हर्के ओढतो. पेटी मध्यावर गेली की मी डोळे मिटतो. पूल कधी एकदा होतो असं झालं आहे.

बाकी एका गोष्टीची मात्र मला तिळमात्र काळजी नाही. तुमच्या ओव्हरसियरला ताप भरला, त्याला डोलीत घालून बाजारात उतरवला. जाताना तो दोर दगडावरच्या लाल खुणेला लावून गेला होता. पण दोर कसा लोंबत होता म्हणून सांगू! म्हाताऱ्या म्हशीच्या पोटासारखा. खालच्या गावचे लोक बघायला आले आणि दात काढून गेले. मग आपल्या पोरांना चेव आला. त्यांनी ते ओढायचं हातयंत्र लावलं आणि दोन दिवस खपून दोर असा ताणला की आता तो नव्या नवरीच्या भांगासारखा सरळ दिसतो. तेवढं एक काम आपल्या गावाने चोख केलं.

पत्राचं उत्तर लवकर दे.

तुझा मामा,
जोखसिंग पुन

*

डोटी, पुलाची छावणी,
फागुन २, २०४९

आदरणीय मामा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवतो. पत्र मिळालं. इथे आम्ही रात्रंदिवस कामात आहोत, तेव्हा थोडक्यात लिहितो.

तांबूस डाग गंजाचा नाही, वंगण वाळलं की तसं दिसतं. शेळ्यांनी कितीही चाटलं तरी दोराला काही होत नाही, झालं तर शेळ्यांनाच होईल. जाळीची भोकं लहान मुलाच्या पावलापेक्षा लहान ठेवली आहेत, मी स्वतः मोजून घेतली होती. नट पाना लावल्याशिवाय निघत नाहीत आणि पाना तुमच्याच घरी ठेवायला सांगितला आहे. चुना वाळला की तडकतोच.

मामा, मी लहान असताना तुम्ही मला ओढा ओलांडू द्यायचा नाहीत, झाडावर चढू द्यायचा नाहीत, आणि शेवटी मी पूल बांधायला शिकलो. आता तरी तो पूल डोळे उघडे ठेवून बघा. हिशेब करून बांधलेली गोष्ट आहे ती. निश्चिंत राहा. पूल चांगला आहे.

तुमचा,
चित्रमान

*

भालेबास,
फागुन २५, २०४९

चिरंजीव चित्रमान,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं आणि किती वर्षांनी रात्रभर गाढ झोपलो. दुसऱ्या दिवशी पिंपळाखालच्या चौतारीवर सगळ्यांसमोर ते मोठ्याने वाचलं. "पूल चांगला आहे" हे वाक्य हर्केने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. म्हणाला, "जोखे, आता तुझ्याजवळ घाबरायला काय उरलं? तू जगणार कशावर?"

फळ्या टाकून झाल्या. बैशाखातल्या पौर्णिमेला नदीची पूजा आणि मेळा ठरला आहे. वरच्या खेड्यांतली माणसं, बाजा, खेचरं, सगळं त्या दिवशी पुलावरून जाईल. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. गावातला सगळ्यात म्हातारा पहिला पार जातो आणि तो गेल्याशिवाय नव्या पुलावर कुणी पाय ठेवत नाही, नाहीतर नदी आपला वाटा मागते. यंदा तो म्हातारा मी. हर्के माझ्याहून एका पावसाळ्याने लहान आहे, त्यामुळे जळतो.

मी नवी टोपी शिवायला टाकली आहे. फळ्या टाकल्यावरही पूल खाली आलेला नाही, लोक लांबून बघायला येतात. असा सरळ पूल या नदीवर दुसरा नाही. तू असतास तर तुझीही छाती फुगली असती.

तुझा मामा,
जोखसिंग

*

डोटी,
चैत १३, २०४९

मामा,

हे पत्र मिळेल त्या क्षणी वाचा, आणि शेवटपर्यंत वाचा.

फळ्या टाकूनही पूल खाली आला नाही, हे वाचून मी हातातलं काम टाकलं. मी तुमचं माघातलं पत्र शोधून काढलं. त्याच्या शेवटी तुम्ही दोर ताणल्याचं लिहिलं आहे. तो भाग मी वाचलाच नव्हता. काळज्यांची उत्तरं दिली आणि पत्र मिटून ठेवलं.

मामा, पुलाचं ते पोट चुकून राहिलेलं नव्हतं. ते मी ठेवलं होतं. आठवतं का, तुम्ही अंगणात दोन खांबांना दोरी बांधून मक्याची कणसं वाळत घालायचात. एकदा मामी म्हणाली, दोरी किती लोंबते, बघवत नाही. तुम्ही ती ताणून सरळ बांधलीत. कणसं तेवढीच होती, दोरी तीच होती, आणि सकाळी खांब उपटून अंगणात आडवा पडला होता. तुम्ही खांबाला शिव्या दिल्यात. दोष खांबाचा नव्हता. दोर जितका सरळ, तितका तो टोकांना जास्त ओढतो. झोळ निम्मा केला की ओढ दुप्पट होते. अगदी सरळ करायला गेलात तर त्या ओढीला अंत नाही.

दोर तुटणार नाही, तो दमदार आहे. पण चौथरे मी झोळाच्या हिशेबाने बांधायला सांगितले, तेवढेच जड आहेत. मेळ्याचं वजन पडलं की ते नदीकडे सरकतील. चुना तडकला म्हणालात, ती चुन्याची तडक नसेल. चौथऱ्यामागे माती आणि दगड यांत फट पडली आहे का, ते बघा.

कुणालाही पुलावर जाऊ देऊ नका. आणि स्वतः नट ढिले करायला जाऊ नका, ताणलेला दोर सुटला तर माणसं कापली जातील. ओव्हरसियरला निरोप धाडला आहे. तो बरा असेल तर तो येईल, नाहीतर मी येईन. इथला दोर अर्धा ओढून झाला आहे, तो असा टाकून मला लगेच निघता येत नाही.

चित्रमान

*

भालेबास,
बैशाख २६, २०५०

चिरंजीव चित्रमान,

तुझं पत्र पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आलं. पत्र घेऊन मी आधी चौथऱ्यामागे गेलो. फट आहे. माझं नख आत जातं. हर्केला दाखवली, तो म्हणाला उंदराने केली.

संध्याकाळी चौतारीवर पत्र वाचून दाखवलं. मी वाचत होतो आणि लोक हळूहळू हसायला लागले. कणसांचं आलं तेव्हा तर एक पोर लोळलं. ज्यांनी दोर ताणला ती पोरं मात्र हसली नाहीत. त्यांच्यातला एक उठून म्हणाला, "आजोबा, फागुनात तुमचा भाचा म्हणतो पूल चांगला, चैतात म्हणतो वाईट. मधे पुलाने काय खाल्लं?" दुसरा म्हणाला, "भाचा मामावर गेला, दुसरं काय." हर्के म्हणाला, "खालच्या गावाला कळलं की आपण पूल पुन्हा लोंबता केला, तर आपल्याला तोंड काळं करून हिंडावं लागेल." मला तुझ्यासारखं सांगता येत नाही. कागदावर जे होतं तेच मी दोनदा वाचलं. उपयोग झाला नाही.

पौर्णिमेला नदीकाठी मुंगी शिरायला जागा नव्हती. कोंबडा कापला, पुलाला टिळा लावला, बाजा सुरू झाला. मला नवी टोपी घालून पुलाच्या तोंडाशी उभं केलं. मी खाली बसलो.

म्हणालो, "मला भीती वाटते. मी जाणार नाही."

खरं सांगतो, पत्राचा शब्दही काढला नाही. पत्र खोटं ठरवता येतं. पण मी घाबरतो हे या खोऱ्यात लहान पोरालाही ठाऊक आहे, त्यावर कोण वाद घालणार? बायकांनी समजावलं, पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. हर्केने माझ्या काखेत हात घालून उचलायला बघितलं. मी कठड्याच्या खांबाला मिठी मारली. तो कानाशी म्हणाला, "जोखे, जन्मभर घाबरलास, एक दिवस तरी माणसासारखा वाग." मी म्हणालो, "उद्या." ऊन उतरलं तसे लोक थुंकत परत गेले. खेचरंवालेही गेले.

आता मला कुणी चौतारीवर जागा देत नाही. फूलसरी शाळेतून रडत आली, पोरं तिला घाबरटाची नात म्हणतात. ती अजून त्या जुन्या तारेवरूनच जाते. तेवढं एकच मनाला खातं. पाणी चढायला लागलं आहे. तू लवकर ये, बाळा.

मामा

*

डोटी,
जेठ १०, २०५०

मामा,

तुम्ही जे केलंत ते मला जमलं नसतं. ओव्हरसियर अजून अंथरुणावर आहे. इथला दोर आठवड्याभरात बसेल, त्याच दिवशी मी निघतो. तोवर तसेच बसून राहा.

चित्रमान

*

भालेबास,
जेठ १७, २०५०

चित्रमान,

हर्के गेला.

चार दिवसांपूर्वी वर डोंगरात पाऊस झाला. शाळा सुटली तेव्हा नदी लाल होऊन पेटीच्या तळाला लागत होती. फूलसरी शेवटची होती. पेटी मध्यावर आली आणि ओढायचा दोर कशात तरी अडकला. हर्केने ओढून बघितलं, झटके दिले. पाणी वाढतच होतं. मग तो तारेला लोंबकळत, पाय तारेवर टाकून, पेटीपर्यंत गेला. या वयात. मी काठावर होतो. या वेळी मी डोळे मिटले नाहीत.

त्याने अडकलेला दोर मोकळा केला आणि मला ओरडून सांगितलं, "ओढ, जोखे! थरथरत का होईना, ओढ!" मी ओढलं. आणखी दोघं धावत आले. पेटी काठाला लागली, फूलसरी माझ्या अंगावर पडली. मी वर बघितलं तर तार रिकामी होती.

दोन दिवसांनी खालच्या गावाजवळ सापडला. त्याच गावच्या माणसांनी त्याला खांद्यावरून आणला.

 त्याच्या बायकोने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो तारेवरून जात होता तेव्हा वरच्या अंगाला तो पूल होता. कोरडा, नवा, नवरीच्या भांगासारखा सरळ, आणि त्यावर कुणी नाही. तो मी बंद ठेवला होता.

तू शिकलेला आहेस म्हणून विचारतो. तो पूल खरंच पडला असता का? मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

मामा

*

पोखरा,
साउन ४, २०५०

आदरणीय मामा,

मी गावात होतो तेवढे दिवस तुम्ही तो प्रश्न पुन्हा विचारला नाहीत आणि मीही टाळला. आपण दोर उतरवला, पुन्हा लाल खुणेला लावला, चौथऱ्यामागे दगड भरले. ज्या पोरांनी तो ताणला होता त्यांनीच सगळं केलं, मान खाली घालून. फटीत माझं बोट जात होतं हे तुम्ही बघितलंत. माघापासून चौथरा तेवढा सरकला होता. पण तेवढ्याने तुमच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही, म्हणून इथे कार्यालयात येऊन हिशेब मांडला. तीनदा केला.

मेळा त्या पुलावर चढला असता, तर चौथरा उपटून आला असता. याबद्दल मला शंका नाही.

एक माणूस आणि एक मूल त्या दिवशी पुलावरून आली असती, तर पुलाला कळलंही नसतं. याबद्दलही शंका नाही.

तुम्ही खरं सांग म्हणालात, म्हणून दोन्ही लिहिलं. मला माहीत आहे आता तुमच्या मनात काय येईल. एकेकाला सोडलं असतं तर? मुलांना तेवढं सोडलं असतं तर? मीही चैतातल्या पत्रात तसं लिहू शकलो असतो. मला सुचलं नाही, मी फक्त "कुणालाही नको" लिहिलं. पण मामा, सुचलं असतं तरी काय झालं असतं? तुमचं पाऊल पडल्यावर पूल सगळ्या खोऱ्याचा झाला असता. मग बाजा, खेचरं, माणसं, कुणाला आवरलं असतंत? तुमच्या हातात एकच दार होतं. ते उघडं असतं किंवा बंद.

आणि दोर ताणल्याचं तुम्ही मला माघातच कळवलं होतंत. वाचायचं माझ्याकडे होतं. हर्केमामांचं ओझं तुम्ही एकट्याने उचलू नका. त्या पोलादी दोरासारखं आहे ते, एका खांद्याचं नाही. एक वेटोळं माझ्या खांद्यावर आहे, मी खाली बसलेलो नाही.

तुमचा,
चित्रमान

*

भालेबास,
कात्तिक १९, २०५०

चिरंजीव चित्रमान,

आशीर्वाद. पाऊस सरला, हर्केचं सुतक सरलं, आणि काल मी पुलावरून पलीकडे गेलो.

बाजा नको म्हणून मीच सांगितलं. आदल्या दिवशी हर्केच्या बायकोच्या दाराशी गेलो. म्हणालो, "वहिनी, तुम्ही नको म्हणालात तर जाणार नाही." ती मका सोलत होती. हातातलं कणीस सोलून ठेवलं आणि म्हणाली, "त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, जोखे पुलावर गेला की मी त्याच्या मागून पूल हलवणार आहे. आता तुम्हाला हलवणारं कुणी नाही. जा." मग माझी जुनी टोपी बघून आत गेली आणि त्याची टोपी आणून दिली. ती मला मोठी होते, कानांवर येते.

सगळा गाव काठावर उभा होता. कुणी हसलं नाही. मी दोन्ही हातांनी कठडा धरला आणि चालायला लागलो. आता पूल तू काढला होतास तसा आहे. आधी उतार, मग चढ. मधोमध तो सगळ्यात खाली असतो, तिथून दोन्ही काठ उंच दिसतात आणि नदी जवळ ऐकू येते. खालच्या अंगाला जुनी तार अजून आहे, पेटी काढून टाकली आहे. तिथे मी उभा राहिलो.

मागून कुणीतरी ओरडलं, "आजोबा, काय झालं?"

मी म्हणालो, "भीती वाटते."

त्यावर एक टोमणा यायला हवा होता. मी थोडा थांबलो. नदीचा आवाज तेवढा येत होता. मग चढाला लागलो आणि पलीकडे गेलो. माझ्या मागून फूलसरी आली, पळत, कठड्याला हात न लावता. मी तिला रागावलो.

अंगणातली कणसांची दोरी यंदा ढिली बांधली आहे. येणारा जाणारा म्हणतो, लोंबते. लोंबू दे म्हणतो.

आता काळजीचं. वारा सुटला की पूल आडवा हलतो. काल पलीकडून परत येताना माझ्या पायाखाली हलला, तेव्हा वारा नव्हता असं मला वाटतं. मागे वळून बघितलं तर पुलावर कुणी नव्हतं. हे बरोबर आहे का, की काही करायला हवं, ते कळव. दुसरं, चौथऱ्यामागे भरलेल्या दगडांत गवत उगवलं आहे, त्याच्या मुळांनी दगड हलतील का? आणि एका नटावर तांबूस डाग आहे.

पत्र शेवटपर्यंत वाच.

तुझा मामा,
जोखसिंग पुन